बरणीतली शिंदी

आमच्या घरात शिंदी कुणी पीत नव्हतं, पण घरात शिंदीची बरणी होती. शहरातल्या लोकांना हे सांगितलं की ते गालातल्या गालात हसतात. हसू द्या. ती बरणी आजीची होती, आणि तिच्यातला एक घोट घेतला असता तर झिंग येणं लांबच, दात आंबून डोळ्यांतून पाणी आलं असतं.

आमचं गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, सीनेच्या काठापासून दीड कोसावर. खाली हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते आणि भीमा पुढं कर्नाटकात जाते. गावातली निम्मी घरं कानडी बोलतात, निम्मी मराठी, आणि भांडताना सगळीच दोन्ही बोलतात. पाऊस बेभरवशाचा. बाभूळ, लिंब आणि ओढ्याकाठची शिंदी, हीच आमची झाडी. त्यातही शिंदीची सावली नावापुरतीच.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिंदी म्हणजे खजुराची रानातली बहीण. ताडाएवढी उंच जात नाही. खोड खरखरीत, डोक्यावर टोकदार पानांचा झुबका. उन्हाळ्यात पिवळी-तांबडी फळं लागतात, त्यात बी मोठं आणि गर नखाएवढा. तरी आम्ही पोरं त्याच्यासाठी काटे टोचून घ्यायचो. पानांच्या केरसुण्या व्हायच्या. लक्ष्मीपूजनाला जी केरसुणी आपण हळदकुंकू वाहून पुजतो, ती याच झाडाची. मांगवाड्यातली म्हातारी दिवाळीच्या आधी नवी केरसुणी घेऊन दारात यायची आणि आजी तिला सुपातून ज्वारी घालायची.

आमच्या बांधावर नऊ शिंद्या होत्या. थंडी पडली की त्या छेदायला एक माणूस यायचा. आम्ही त्याला मामा म्हणायचो. कमरेला आणि झाडाला मिळून दोराचा फास, पाठीला कोयता, खांद्याला मडकी. झुबक्याच्या एका बाजूची पानं उतरवून तो तिथलं खोड चांगलं तासायचा, खाच पाडायचा आणि खाली मडकं बांधायचा. रात्रभर थेंब थेंब रस पडायचा. पुढच्या वर्षी खाच दुसऱ्या बाजूला. म्हणून जुन्या शिंदीचं खोड बघाल तर ते एकदा इकडं, एकदा तिकडं खचलेलं दिसतं. झाडाचं वय त्या खाचा मोजून सांगता येतं, असं मामा म्हणायचा.

दिवस उगवायच्या आत उतरवलेला रस गोड असतो. ती नीरा. मडक्याला आतून चुना लावलेला असेल तर गोडी टिकते. चुना नसेल तर ऊन चढता चढता फेस यायला लागतो, दुपारपर्यंत त्याची शिंदी होते आणि संध्याकाळी ती पिणाऱ्याला चढते. पण त्याच्यापुढंही एक पायरी आहे आणि ती पिणाऱ्यांच्या कामाची नाही. शिंदी दोन-चार दिवस तशीच राहिली की ती आंबट ढस्स होते. गिऱ्हाईक तोंडात घेऊन थुंकून टाकतं. मामाची अशी उरलेली, बिघडलेली शिंदी आजी मागून घ्यायची. बांधावरच्या झाडांच्या भाड्यात तेवढं धरलेलंच असायचं.

आजी ती फडक्यातून गाळायची, चिनीमातीच्या बरणीत भरायची, तोंडाला पातळ फडकं बांधायची आणि उतरंडीमागच्या अंधारात ठेवून द्यायची. महिना-दीड महिन्यानं बरणी उघडली की दारूचा वास गेलेला असायचा आणि नाकात झिणझिण्या आणणारा आंबट वास यायचा. वर सायीसारखा पापुद्रा धरलेला असायचा. तो आजी फेकायची नाही. ‘ते विरजण हाय’ म्हणायची आणि पुढच्या बरणीत घालायची. कॉलेजात गेल्यावर मला कळलं की साखरेची दारू करणारं यीस्ट वेगळं आणि दारूचं ॲसिटिक ॲसिड करणारे जिवाणू वेगळे; ते जिवाणू हवेशिवाय काम करत नाहीत, आणि तो पापुद्रा म्हणजे त्यांचीच वस्ती. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण बरणीला झाकण न लावता फडकं बांधायचं, हे तिला ठाऊक होतं.

या शिंदीच्या शिरक्याची घरात दहा कामं होती. राखेत कालवून तांब्याची घागर घासली की घागर नव्यासारखी लखलखायची. गांधीलमाशी चावली की त्यावर कापसाचा बोळा. जेवण अंगावर आलं, पोट गच्च झालं की पेलाभर पाण्यात चमचाभर शिरका आणि मिठाची कणी. आणि रोजचं म्हणजे कांदा. कांदा बुक्कीनं फोडायचा, त्यावर मीठ आणि चार थेंब शिरका, शेजारी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आजही त्या कांद्याची आठवण आली की जिभेला पाणी सुटतं.

आजीचा या झाडावर जीव होता, त्याला एक जुनं कारण होतं. आजोबा तरुणपणी सोलापुरात गिरणीत कामाला होते आणि १९३० साली दोघं तिथंच राहात होती. गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मेला लोक रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेले. शिंदीनं गिरणी कामगारांचा पगार खाल्ला होता आणि तिच्या करानं सरकारची तिजोरी भरत होती, म्हणून राग झाडावर. धरपकड झाली, जमाव खवळला, गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. १२ मेला शहरात मार्शल लॉ लागला आणि तो जून संपेपर्यंत राहिला. पुढं १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिली. आज ज्या चौकात त्यांचे पुतळे आहेत, तिथून रोज हजारो माणसं जातात, पण त्या सगळ्याची सुरुवात शिंदीच्या झाडावर पडलेल्या कुऱ्हाडीपाशी झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आजी त्या चौघांचं नाव निघालं की हात जोडायची. पण लगेच म्हणायची, ‘‘पोरं देवमाणसं. पर झाडानं काय केलतं रं? झाड गोडच देतंय. कडू माणूस करतंय.’’

मला वाटतं, हे पुढं गांधीजींच्या माणसांनाही पटलं असावं. १९३४ साली वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा त्याच्या कामांत नीरा आणि ताडगूळ हेही होते. ज्या झाडावर चार वर्षांपूर्वी कुऱ्हाड चालली, त्याच जातीच्या झाडांपासून गूळ करायला माणसं शिकवली जाऊ लागली.

आता अण्णाचं सांगतो. हा लेख खरं तर त्याच्यासाठीच लिहायला घेतलाय.

अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. सातवीत शाळा सोडली आणि अप्पांच्या मागं औताला लागला. १९७२ च्या दुष्काळात मी सोलापूरला बोर्डिंगात राहून शिकत होतो. रानात काडी नव्हती. गावात मिलो आणि सुकडी खाऊन माणसं दिवस काढत होती. अण्णा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचा. आठवड्याचा पगार झाला की त्यातले पैसे एसटीच्या ड्रायव्हरकडं देऊन मला पाठवायचा. सुट्टीला घरी आलो तेव्हा त्याचे हात बघितले. तळव्याला कातडं म्हणून नव्हतंच. मी रडायला लागलो तर म्हणाला, ‘‘गप की. तू मास्तर हो. मग मी तुज्या हातनं पेपर वाचून घेतो.’’

मी मास्तर झालो आणि अण्णानं आपला शब्द पाळला. खताच्या पिशवीवरचं, बँकेच्या कागदावरचं, औषधाच्या बाटलीवरचं, सगळं तो मला विचारणार. मी सांगितलं की ते शेवटचं. गावातल्या पारावर तो म्हणायचा, ‘‘आमचा मास्तर म्हणतोय म्हणजे तसंच आसणार.’’ या वाक्याचा मला अभिमान वाटायचा. त्याची भीती वाटायला पाहिजे होती, हे फार उशिरा कळलं.

अण्णाला पन्नाशीनंतर साखर निघाली. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिनची गोळी आणि दुसरी एक अर्धी. तो कुरकुर करायचा, पण घ्यायचा. वहिनी ताटाशेजारीच गोळी ठेवायची.

मी रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला एका जुन्या सहकाऱ्याकडं गेलो. त्यांच्या घरामागं माड होते. रोज सकाळ-संध्याकाळ रेंदेर यायचा, माडावर चढून सूर उतरवायचा. त्यांच्या आईनं मला परसातली मातीची भांडी दाखवली. त्यात सुराचा व्हिनेगर होत होता. लवकर आंबावा म्हणून तापवून लाल केलेला कौलाचा तुकडा त्यात टाकायची त्यांची रीत. मी झाकण उघडून वास घेतला आणि एकदम आजीच्या उतरंडीमागं जाऊन पोचलो. तोच वास. झाड वेगळं, गाव वेगळं, समुद्र वेगळा, पण बरणी तीच. म्हातारीनं येताना मला दोन बाटल्या बांधून दिल्या.

आमच्याकडं तोवर खरी शिंदी उरली नव्हती. ओढ्याकाठच्या शिंद्या पाइपलाइनी टाकताना आणि बांध सरळ करताना गेल्या. आमच्या नऊपैकी दोन राहिल्या आणि त्या छेदणारं कुणी राहिलं नाही. गंमत अशी की झाडं कमी झाली तरी दुकानातली शिंदी कमी झाली नाही. पाण्यात क्लोरल हायड्रेट कालवून, वर फेस आणून ती विकली जायला लागली. क्लोरल हायड्रेट हे गुंगीचं औषध. त्याच्या धाडी पडल्याच्या बातम्या सोलापूरच्या पेपरात अधूनमधून येतात. त्या पिऊन गेलेली दोन माणसं माझ्या वर्गात बसलेली होती. आजीचं वाक्य अशा वेळी फार आठवायचं. म्हणून त्या गोव्याच्या बाटल्या मला नुसत्या बाटल्या वाटल्या नाहीत. झाडाची इज्जत परत मिळाल्यासारखं वाटलं.

अण्णाच्या हातात बाटली दिली.

‘‘काय आणलास मास्तर? दारू का काय?’’

‘‘आजीच्या बरणीतलं आणलाय. वास घेऊन बघ.’’

त्यानं वास घेतला आणि डोळे मिटले. मग कांदा फोडला. आम्ही दोघं म्हातारे भाऊ ओसरीवर बसून पोरासारखे जेवलो. आणि त्या भरात मी बोलून गेलो, ‘‘ह्यानं साखर कमी होती म्हणे. अमेरिकेत शोध लागलाय.’’

हे मी खोटं बोललो नव्हतो. पण हे अर्धं होतं. उरलेलं अर्धं मी वाचलं नव्हतं. ते मी नंतर वाचलं, दवाखान्याच्या बाकड्यावर बसून.

अण्णा दुसऱ्या दिवसापासून दोन्ही जेवणांआधी पाण्यात दोन चमचे घ्यायला लागला. मी त्याला साखर मोजायचं यंत्र घेऊन दिलं होतं. आठवड्यानं त्यानं जेवणानंतर बोट टोचून बघितलं तर आकडा नेहमीपेक्षा तीस-चाळीसनं कमी. त्यानं मला फोन केला. आवाजात आनंद. मीही खूश झालो, ‘‘बघ, म्हणलं नव्हतं?’’ त्या फोननंतर कधीतरी त्यानं गोळ्या बंद केल्या. मला सांगितलं नाही. वहिनीलाही कळू दिलं नाही. ती ताटाशेजारी ठेवायची ती गोळी तो कोपरीच्या खिशात टाकायचा आणि रानात जाऊन फेकायचा. गोळी म्हणजे आजारी माणसाचं लक्षण. शिरका म्हणजे आपल्या आजीचं. कुठलं सोडायचं आणि कुठलं धरायचं, हे त्यानं त्याच्या मनानं ठरवलं होतं. पहिला आकडा चांगला आला म्हणून पुढं बोट टोचणंही सोडून दिलं.

जानेवारी आला. सिद्धेश्वराची यात्रा, आमची गड्ड्याची जत्रा. सोलापूरकराला याच्यापुढं दिवाळी फिकी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी नंदीध्वज निघतात आणि अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं रस्ताभर. अण्णा तरुणपणापासून त्या दिवशी नंदीध्वजांमागं अनवाणी चालायचा. त्याही वर्षी चालला. दिवसभर चालून घरी आला, पाय धुतले आणि झोपला. तिसऱ्या दिवशी वहिनीला अंथरुणावर डाग दिसला. उजव्या पायाच्या तळव्यात, करंगळीच्या बुडाशी काचेचा तुकडा रुतलेला. अण्णाला पत्ताच नव्हता.

‘‘दुखत न्हाई की,’’ तो म्हणाला. त्याला वाटलं, दुखत नाही म्हणजे काही नाही. पायातल्या नसा मेल्या म्हणून दुखत नाही, हे त्याला कोण सांगणार? त्यानं हळद लावली, वर शिरक्याची पट्टी बांधली. आठ दिवसांनी पाय काळा-निळा झाला तेव्हा वहिनीनं मला फोन केला.

सोलापुरातल्या दवाखान्यात त्याला दाखल केलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी तपासणी असते, ती अकराच्या वर निघाली. डॉक्टर तरुण होते, शांत होते. ‘‘गोळ्या कधी बंद केल्या?’’ त्यांनी विचारलं. अण्णा माझ्याकडं बघत राहिला. तक्रारीनं नाही. पोरगं वर्गात उत्तर येईना म्हणून मास्तरांकडं बघतं ना, तसं. मग म्हणाला, ‘‘शिरका चालू होता. आमच्या मास्तरनं आणला होता.’’

दोन बोटं काढावी लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. पाय वाचला.

त्या रात्री मी बाकड्यावर बसून, भाच्याच्या फोनवर, जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. शोध खरा होता. २००४ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या विद्यापीठातला. पण तो २९ माणसांवर केलेला होता. त्यांना एका जेवणाआधी २० ग्रॅम शिरका दिला, आणि तोही सफरचंदाचा. जेवणानंतर चढणारी साखर शिरक्यानं थोडी कमी चढली, शरीराचं इन्सुलिन जरा बरं चाललं. त्यात मधुमेह झालेल्यांना फायदा कमी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना जास्त दिसला होता. एका जेवणाची गोष्ट होती ती. ताडाच्या जातीच्या झाडाचा म्हणाल, तर मलेशियात खाडीकाठी निपा नावाचं झाड होतं, त्याच्या शिरक्याचे प्रयोग झालेत, पण ते उंदरांवर. उंदराला जे लागू पडलं ते माझ्या भावाला लागू पडेल, असं त्यात कुणी लिहिलेलं नव्हतं. ते मी लिहिलं होतं, ओसरीवर, तोंडानं.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी आणखी समजावलं. शिरक्यातलं ॲसिड पोटातलं अन्न पुढं सरकायला उशीर लावतं, म्हणून साखर हळू चढते. चांगलंच आहे की. पण जुन्या मधुमेहात काहींचं पोट आधीच मंद झालेलं असतं, त्यांना हे त्रासाचं. इन्सुलिन घेणाऱ्यानं अंदाज न घेता चालू केलं तर साखर अवेळी खाली जाऊ शकते. लघवीच्या गोळ्या चालू असतील तर जास्त शिरक्यानं पोटॅशियम आणखी उतरू शकतं. पाण्यात न घालता प्यालं तर घसा भाजतो, रोज रोज प्यालं तर दाताचं कवच झिजतं.

‘‘मग फेकून देऊ का बाटली?’’ मी विचारलं.

ते हसले. ‘‘कशाला? कांद्यावर घ्या, कोशिंबिरीत घ्या. मीठ, साखर कमी लागेल, तेवढा फायदा झाला. फक्त तो स्वयंपाकघरातला डबा आहे. औषधाच्या कपाटात ठेवू नका.’’

कपाट म्हटल्यावर मला उतरंड आठवली. आणि उतरंडीबरोबर एक रात्र, जी मी इतकी वर्षं अर्धीच सांगत आलो होतो.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. हिवतापानं फणफणलो होतो. आजीनं बरणी काढली, पाण्यात शिरका घालून त्याच्या पट्ट्या माझ्या कपाळावर ठेवल्या. त्या गार आंबट वासात मला बरं वाटलं. ही गोष्ट मी शाळेत पोरांना सांगायचो, लग्नात पाहुण्यांना सांगायचो, गोव्यातही त्या म्हातारीला सांगितली. आजीच्या शिरक्यानं ताप उतरला, असं.

पण ती गोष्ट तिथं संपत नव्हती. कपाळावर पट्टी ठेवता ठेवता आजी दाराकडं तोंड करून अप्पांवर ओरडत होती, ‘‘बघत काय हुबारलास? गाडी जुंप. ह्ये वाटंपुरतं हाय, पोराला दवाखान्यात घाल.’’ अप्पांनी रात्रीच बैलगाडी जुंपली. पहाटे मी दवाखान्यात होतो आणि ताप उतरला तो तिथल्या कडू गोळ्यांनी. आजी गाडीत माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, मधून मधून पट्टी बदलत.

शाळा न बघितलेल्या बाईला बरणी कुठवर आणि दवाखाना कुठून, हे ठाऊक होतं. शिकलेल्या नातवानं बरणी लक्षात ठेवली आणि गाडी विसरला.

अण्णा घरी आल्यावर मी त्याला हे सगळं सांगितलं. शोध अर्धा सांगितला, गोष्ट अर्धी सांगितली, चूक माझी. हात जोडले. तो थोडा वेळ पायाच्या पट्टीकडं बघत बसला.

‘‘गोळी मी टाकलो मास्तर, तू न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘पर पुढच्या येळेला म्हणे-बिणे लावून सांगू नकोस. वाचलास तर सगळं वाचून सांग. नसलं वाचलास तर न्हाई म्हण. मी काय रागावणार हाय?’’

वहिनी चुलीपुढून म्हणाली, ‘‘भावजी, आन् ह्यांला म्हणावं खिसा दाखवा रोज.’’ तेव्हा कुठं आम्ही तिघंही हसलो.

त्याला आता बारा वर्षं झाली. अण्णा पंच्याहत्तरीकडं आलाय. रोज झोपताना तळपाय आरशात बघतो, तो आरसा वहिनीनं पलंगाला दोरीनं बांधून ठेवलाय. जत्रेत नंदीध्वजामागं थोडं अंतर चालतो, पण पायात मऊ बूट घालून. ‘‘सिद्धरामेश्वर मला बघतोय, पायताण न्हाई बघत,’’ म्हणतो.

गावात आता फोनवर रोज एक नवा शिरका येतो. ताडाचा, सफरचंदाचा, जांभळाचा. बाजाराला बाटलीवाले येतात, साखर जाते, वजन जातं, हृदयाच्या नळ्या उघडतात म्हणून सांगतात. तरणी पोरं माझ्याकडं बाटली घेऊन येतात, ‘सर, बघा की खरं आहे का’ म्हणून. मी चष्मा लावतो. आधी बघतो, आंबवलेला आहे की कारखान्यातलं ॲसिड पाण्यात घालून केलेला. तसा असेल तर बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहावं लागतं. ॲसिड किती टक्के ते बघतो, किमान ३.७५ टक्के असावं लागतं. मग सांगतो, खरा आंबवलेला असेल तर चांगली वस्तू आहे, कांद्यावर घाल. आणि मग विचारतो, ‘‘गोळी चालू आहे ना?’’ काही जण खाली बघतात. त्यांना मी बसवून घेतो आणि अण्णाला हाक मारतो. अण्णा काही बोलत नाही. नुसता बूट काढून पाय पुढं करतो.

गेल्या हिवाळ्यात बांधावरच्या राहिलेल्या दोन शिंद्यांखाली बिया पडून सहा रोपं उगवलेली दिसली. अण्णानं त्यांच्याभोवती बाभळीच्या फांद्या लावल्या, शेळ्यांनी खाऊ नयेत म्हणून. म्हटलं, ‘‘ह्या मोठ्या होऊन छेदायला यायला बरीच वर्षं लागतील. छेदणार कोण?’’

‘‘कुणीतरी येईल की,’’ तो म्हणाला. ‘‘न्हाईतर केरसुणीला तरी होत्याल.’’

मग आम्ही ओसरीवर आलो. वहिनीनं ताटं वाढली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. अण्णानं बाटली तिरकी करून चार थेंब कांद्यावर टाकले, बाटली माझ्याकडं सरकवली आणि ताटाशेजारची गोळी मला दाखवून तोंडात टाकली.